उसना

स्केलथॉर्पच्या शाळेत एक्केचाळीस मुलं,
दोन शिक्षिका आणि मी, मदतनीस:
नाकं पुसायची, पेन्सिलींना टोक काढायचं,
गणितात मागे पडलेल्यांशेजारी बसायचं.
मार्चचा पहिला मंगळवार आला
की मिसेस गार्बट कपाटातून काढतात
मैदान आखायची जुनी टेप
आणि सहावीचा वर्ग
कुंपणापासून समुद्राकडे मोजत निघतो.

वारा असा, की बोललेला शब्द
शेजारच्याच्या कानात पडायच्या आत
डेन्मार्कला पोचतो.
बार्लीच्या कडेकडेने चिखल,
मग डांबरी रस्ता, मग अडसर,
आणि अडसरापलीकडे रस्त्यामधली पांढरी रेघ
थोडी पुढे जाऊन हवेत थांबलेली.
आम्हीही थांबतो. तिथून पुढचं
काउन्सिलचा माणूस मोजतो, कमरेला दोर बांधून.
तो ओरडून आकडा सांगतो.
कॉर्नेलिया मनगटावर लिहून घेते,
वहीचं पान उडतं म्हणून.

दोनशे आठ.
गेल्या वर्षी दोनशे बारा.

यॉर्कशायरचा हा किनारा आधीपासूनच खचतो,
गार्बटबाई ते लपवत नाहीत.
बुडालेल्या गावांचा नकाशा भिंतीवर आहे,
चर्चच्या खुणा निळ्या रंगात.
'खचणं जुनं आहे,' त्या म्हणतात, 'घाई नवी आहे.
घाई कुठून आली ते शोधा.'
मग मुलं शोधतात. बॉयलरच्या खोलीत जातात,
मीटर वाचतात, बसच्या धुराड्याला
पांढरा मोजा बांधून बघतात
(तो मोजा माझा होता).

शाळा तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं,
हा तास नेमका कुठल्या विषयाचा?
भूगोलाच्या पुस्तकात हवामानबदल आहे.
पान एकसष्ट, फिकट हिरवी चौकट,
वर लिहिलंय: वेळ उरल्यास.
गार्बटबाई टेप गुंडाळत म्हणाल्या,
'तोच तर मोजून आलो.'
बाईंनी काहीतरी लिहिलं. काय, ते अजून कळलेलं नाही.

ओले मोजे हीटरवर.
हीटरचा गॅस त्याच समुद्राच्या पोटातला,
हे परवा एलिसनेच शोधून काढलं,
पण वजाबाकी त्याला जमत नाही.
'दोनातून आठ जात नाहीत, मिस.'
नाहीत जात. मग?
इंग्रजीत समजावता समजावता माझी जीभ घसरते
आणि मी शिकले तसंच सांगायला लागते:
हे एककाचं घर, हे दशकाचं, ते शतकाचं.
आपल्या घरात कमी पडलं
की शेजारच्या घरी जायचं,
एक उसना मागायचा.
वाटीभर साखर मागतात तसा.

'आणि परत कधी द्यायचा?'

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला विचारलं नव्हतं.
आम्ही शेजाऱ्याचा आकडा खोडायचो,
वर बारीक अक्षरात नवा लिहायचो,
उत्तर बरोबर आलं की खाली दोन रेघा.
बाई शाबासकी द्यायच्या.
शेजारच्या घरात मग काय उरलं
हे बघायला परत कुणी गेलं नाही.

एलिसच्या आजोबांची कॅरॅव्हॅन तीनदा मागे सरकवलीय.
आता मागे दुसऱ्याचं कुंपण आहे.
तो पेन्सिल चावत माझ्याकडे बघतो.
मला उत्तर येत नाही, हे त्याला दिसतं,
आणि मला वाटतं, दिसू दे.
'चार,' तो शेवटी म्हणतो. 'चार मीटर.
पण खाली रेघ नाही मारत.'

साडेतीनला मुलं जातात.
लादीवर बुटांनी आणलेला चिखल वाळलाय.
मी झाडून सुपलीत भरते:
लाल माती, बार्लीची दोन मुळं,
एक शिंपलं, कोणाचं तरी बटण.
कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडते
आणि तशीच उभी राहते.
हे कुणाचं तरी शेत आहे.

मग कोट न घालताच बाहेर जाते,
शाळेच्या मागच्या बाजूला, समुद्राकडे पाठ करून,
आणि घेवड्याच्या वाफ्यात सुपली ओतते.